पायाखालचं सेलबोर्न

सेलबोर्नच्या घळवाटेत उतरलं, की आकाश अरुंद होतं. दोन्ही बाजूंनी पांढुरक्या दगडाच्या भिंती वर चढत जातात, त्यांच्या माथ्यावर हेझेलच्या फांद्या एकमेकींत बोटं अडकवतात, आणि मधे उरतो तो तळ्याच्या तळाशी असावा तसा हिरवट, थरथरता उजेड. त्यात आपला स्वतःचा आवाजही जरा हलका, जरा दुसऱ्याच कुणाचा वाटू लागतो. वर शेतं आहेत, गहू आहे, वारा आहे, चंडोल आहे. इथे खाली नुसती ओल. भिंतीतून उघडी पडलेली झाडांची मुळं दगडाला घट्ट धरून आहेत, आणि जिथे जिथे दगडाला भेग आहे तिथे तिथे नेच्याची एक लांब, जिभेसारखी पात लोंबते आहे. ही वाट कुणी खणलेली नाही.

ती झिजलेली आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेला हँपशरमध्ये, खडूच्या एका उंच डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. एक लांब रस्ता, कडेने घरं, मधे चर्च, चर्चपुढे ‘प्लेस्टर’ नावाचं लहानसं मोकळं आवार. गिल्बर्ट व्हाइट १७२० साली इथे जन्मला आणि १७९३ साली इथेच गेला; धर्मगुरूचं काम त्याने केलं, पण आयुष्यातली बहुतेक वर्षं तो या गावाभोवती चालला आणि चालताना दिसलं ते लिहून ठेवत गेला. दोन विद्वान स्नेह्यांना पाठवलेल्या त्याच्या पत्रांचं पुस्तक १७८९ साली निघालं. त्यात या घळवाटाही आहेत. शतकानुशतकांची रहदारी आणि पावसाचं पाणी यांनी दगडाचा पहिला थर कापला, काही ठिकाणी दुसराही, आणि वाटा शेतांच्या पातळीपेक्षा सोळा-अठरा फूट खाली गेल्या, असं तो सांगतो. वरच्या पायवाटेवरून खाली डोकावणाऱ्या बायका घाबरत, घोडेस्वारांच्या अंगावर काटा येई. पण नेचे शोधणाऱ्याला मात्र इथे आनंदच आनंद. हे वाचून मी नेहमी त्या भिंतीला हात लावते. बैलगाडीच्या चाकाने एक कण उचलला, गुराच्या खुराने एक, बाजाराला निघालेल्या बाईच्या बुटाने एक, रात्रीच्या पावसाने ते सगळे वाहून ओढ्याला नेले, सकाळी पुन्हा कुणी आलं, पुन्हा एक कण गेला, आणि असं होता होता माणसाच्या तिप्पट उंचीचा दगड नाहीसा झाला. कुणाला कळलंही नाही, कुणी मुद्दाम केलंही नाही, जो तो आपल्या कामाला चालला होता.

माझं माहेर गुहागरकडचं. घरापासून समुद्रापर्यंत जांभ्याची पाखाडी उतरते, आणि श्रावणात तिच्या दोन्ही बाजूंच्या गडग्यांवर असेच नेचे फुटतात. त्यामुळे पहिल्यांदा या घळीत उतरले तेव्हा दगडाचा रंग परका वाटला, थंडी परकी वाटली, पक्ष्यांचे आवाज तर अगदीच परके. पाय मात्र बिचकले नाहीत. पायांना कुठल्याही देशातली जुनी वाट कळते. तिच्यात मधोमध एक खोलवा असतो आणि पाऊल आपसूक तिथे पडतं.

एका उन्हाळ्यात आई आली होती. साडीवर माझा जाड कोट, पायात नातीचे बूट, हातात छत्री. इथल्या वाटांवर कुरणाच्या तोंडाशी एक वळतं लाकडी फाटक असतं. अर्धगोल कुंपणाच्या आत ते इकडून तिकडे झुलतं. एका वेळी एकच माणूस आत शिरतो, फाटक आपल्यामागे फिरवतो आणि पुढे निघतो. गुरांना ते जमत नाही. आईला फाटकाचं फार कौतुक वाटलं. ती आत शिरली, बाहेर आली, पुन्हा आत शिरली. मग पुढे पसरलेलं ते भलंमोठं कुरण आणि त्यात रवंथ करत बसलेल्या गाई बघून तिचा पाय अडला.

“अगो, आपण कुणाच्या रानातून चाललोय? कुणी हटकेल ना?”

“रान शेतकऱ्याचं आहे, आई. वाट सगळ्यांची.”

“म्हणजे वहिवाट आहे होय! मग चल.” आणि छत्री काखेत मारून ती माझ्या पुढे चालू लागली.

फाटकाच्या खांबावर एक गोल चकती ठोकलेली असते, तिच्यावर पिवळा बाण. पिवळा म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट. निळा असला तर घोड्यालाही मुभा. नकाशावर याच वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात, आणि त्या कुणाच्या अंगणाला खेटून, कुणाच्या परसातून, कुणाच्या उभ्या पिकातून बिनदिक्कत जातात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून हक्काच्या अशा वाटा सुमारे १ लाख ४० हजार मैल भरतात. पण मला त्या आकड्याहून त्यामागचा एक बारकासा नियम जास्त प्रिय आहे. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते. मात्र पेरणीसाठी नांगरली, की चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. पीक कितीही मोलाचं असो, एक मीटर. मे महिन्यात गुडघाभर हिरव्या गव्हातून ती सरळ रेघ दिसते, तेव्हा माझा ऊर भरून येतो. कुणाही चालत येणाऱ्याची, ज्याचं नाव माहीत नाही आणि जो कदाचित येणारही नाही अशाची, त्या गव्हाने जागा राखून ठेवलेली असते.

हे असंच, आपोआप झालेलं नाही. उत्तरेकडे डर्बीशरमध्ये किंडर स्काउट नावाचं पठार आहे. तिथे शिकारीसाठी राखलेल्या माळावर २४ एप्रिल १९३२ रोजी गिरण्या-कारखान्यांतली शेकडो माणसं मुद्दाम चालत गेली. रविवारची मोकळी हवा एवढंच त्यांना हवं होतं. पाच तरुण तुरुंगात गेले. पुढे १९४९ मध्ये कायदा झाला, गावोगावच्या वाटांची नोंद होऊ लागली, राष्ट्रीय उद्यानं आली. मी कुरणातून निवांत चालते तेव्हा त्या पाच जणांचं माझ्यावर काही ऋण आहे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडेही वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. १९०६ सालचा मामलेदार न्यायालयांचा कायदा अजून आहे. पण आमच्या पाखाडीच्या निम्म्यात तारेचं कुंपण पडलं, तेव्हा दाद मागायला कुणी गेलं नाही. लोक वळसा घालून डांबरी रस्त्याने जाऊ लागले. आता त्या पायऱ्यांवर घाणेरी माजली आहे, आणि गेल्या खेपेस गेले तेव्हा पायऱ्या कुठून सुरू होत होत्या तेही सांगता येईना. वाट इतकी चिवट, दगड झिजवणारी. आणि चालणं थांबलं की किती पटकन मरते!

गावामागचा डोंगरउतार ‘हँगर’ म्हणून ओळखला जातो. सबंध उतारावर बीचची झाडं. व्हाइटला साऱ्या रानवृक्षांत बीच सगळ्यात देखणा वाटे. गिल्बर्ट आणि त्याचा भाऊ जॉन, या दोघांनी १७५३ साली या उभ्या चढावर नागमोडी वाट खोदली, झिगझॅग. ती अजून आहे, आणि अजूनही छाती भरून येईल इतकी उभी आहे. पहिल्या वळणावर चर्चचा मनोरा डोळ्यांसमोर असतो, पुढच्या वळणावर तो फांद्यांत शिरतो, मग खाली जातो, मग गावाची कौलं तेवढी उरतात, कुणाच्या तरी अंगणातलं हसू वर येतं, मग तेही येत नाही. व्हाइटने साठी गाठली, त्या वर्षी, १७८० मध्ये, उताराला तिरकी जाणारी दुसरी, सौम्य चढणीची वाट झाली. दोन्ही वाटा एकाच माथ्यावर पोचतात. मी चढते झिगझॅगने आणि उतरते त्या दुसरीने. उतरताना घाई नको वाटते.

एप्रिलच्या शेवटी इथे यावं. नुकतं उलगडलेलं बीचचं पान बोटांवर घ्यावं. त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नसतात, शिरेशिरेवर दुमडलेलं ते कसं अंग चोरून बसलेलं असतं. आणि कडेने पांढऱ्या रेशमी केसांची झालर, इतकी बारीक, की उजेडाकडे धरल्याशिवाय नजरेला येत नाही. उजेडाकडे धरलं की सगळं पान पोपटी पेटतं आणि झालरीचा एकेक केस वेगळा होतो. थोड्याच दिवसांत हे केस गळतात. पान ताठतं, गडद होतं, हजारो पानांतलं एक होतं, आणि वर छत धरलं की खालच्या जमिनीवर सावली येते ती थेट शरद ऋतूपर्यंत. म्हणून खालच्या फुलांची सगळी लगबग त्याआधीची. ब्लूबेल ही फुलं झाडांना पानं यायच्या आत जमिनीवरून निळा धूर उठावा तशी दाटतात; ओढ्याकाठी रानलसणीची पांढरी नक्षत्रं पसरतात आणि पाऊल पडलं की लसणीचा ओला, तिखट वास वर येतो. उजेडाची मुदत थोडी आहे हे या रानातल्या प्रत्येक कंदाला ठाऊक आहे.

चर्चच्या मागून वाट कुरणात उतरते, ओकहँगर ओढ्यावरचा पूल ओलांडते आणि ‘लाइद’ नावाच्या दोन रानांत शिरते, आधी धाकटं, मग थोरलं. गावाभोवतीच्या अशाच उतारांच्या कुशीत व्हाइटला एक प्रतिध्वनी सापडला होता. हॉप्स सुकवायच्या एका भट्टीच्या भिंतीवरून तो परत येई. व्हाइटने त्याला लॅटिन कवितेच्या ओळी म्हणून दाखवल्या. द्रुत लयीतली दहा अक्षरं तो स्पष्ट परत देई. संथ, जड अक्षरं म्हटली तर मात्र थोडीच. किती प्रेमाने त्याने हे मोजलं असेल! पुढे तो प्रतिध्वनी मुका झाला. भट्टी जागच्या जागी होती, माणूस तोच, आवाज तोच. मधल्या शेतात हॉप्सचा मळा झाला होता, आणि त्या खांबांत, त्या गुंतलेल्या वेलींत आवाज अडकून विरून जात होता. मी ते वाचलं त्या दिवसापासून लाइदमध्ये शिरताना मला बोलवत नाही. आपण म्हणतो ते कुठे ना कुठे जातं. समोरच्या उतारापर्यंत पोचून परत यायचं त्याला बळ असतं, पण मधे एखादा मळा वाढलेला असतो. कितीतरी माणसांशी माझं असं झालं आहे. भिंत होती तिथेच होती.

व्हाइटच्या एका शेजाऱ्याने गावातली घुबडं कोणत्या सुरात घुमतात ते बारीक कानाने ओळखलं होतं. तेही त्याने नोंदलं. दिसायला जवळजवळ सारखे, पालापाचोळ्यात हरवणारे तीन चिमुकले हिरवट पक्षी त्याने वेगळे ओळखले ते मुख्यतः त्यांच्या गाण्यांवरून. ऐकण्याचा असा व्यासंग त्याच त्या वाटेने पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय जमत नाही. लांबच्या प्रवासात कान नव्याला भुलतात. रोजच्या वाटेवर कालच्यापेक्षा आज काय निराळं एवढंच ऐकू येतं, आणि तेच खरं ऐकण्यासारखं असतं.

भिंगऱ्यांचं कोडं मात्र त्याला सुटलं नाही. एप्रिलात त्या येत, कौलांखाली मातीची घरटी बांधत, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी नाहीशा होत. जॉन तेव्हा जिब्राल्टरला धर्मगुरू होता. तिथल्या सामुद्रधुनीवरून भिंगऱ्या आफ्रिकेकडे जाताना दिसतात, असं त्याने भावाला कळवलं. गिल्बर्टने ते मानलं, लिहूनही ठेवलं, आणि तरी त्याच्या मनात राहिलं, की सगळ्या जात नसाव्यात. काही इथेच, हँगरच्या झुडपांत, एखाद्या बिळात हिवाळाभर निजून राहत असाव्यात. १७८१ च्या एप्रिलात, साठी उलटल्यावर, त्याने माणसं लावून उतारावरची झुडपं त्यासाठी धुंडाळून घेतली. एकही सापडली नाही. पुढे १९११ साली स्टॅफर्डशरमध्ये एका माळभिंगरीच्या पायात कडं अडकवलं गेलं, आणि १९१२ च्या डिसेंबरात ते कडं दक्षिण आफ्रिकेत मिळालं. हिवाळ्यात आमच्या कोकणातल्या तारांवर बसतात त्या याच जातीच्या, पण आशियाच्या उत्तरेकडून उतरणाऱ्या. ते सगळं आता पुस्तकांत आहे. मला राहून राहून डोळ्यांसमोर येतो तो म्हातारा, फांद्या दूर सारल्या जाताना बघणारा. जी इतकी आपल्या वळचणीची आहे, ती असं सगळं सोडून समुद्रापार जाते हे बुद्धीला पटलं तरी डोळ्यांना पटत नसावं. मी परदेशी निघाले तेव्हा आईने माझी गादी माळ्यावर टाकली नव्हती. कितीतरी दिवस ती माजघराच्या कोपऱ्यात गुंडाळून उभी होती.

चर्चच्या आवारात एक पुरातन यू वृक्ष होता. व्हाइटच्या काळी त्याचा घेर तेवीस फूट. जानेवारी १९९० च्या वादळात तो पडला. गावाने त्याला पुन्हा उभा केला, पण मुळांनी माती धरली नाही. त्याचं ते प्रचंड खोड अजून तिथे आहे, भेगाळलेलं, आत पोकळ. आणि त्याच्याच फांदीपासून वाढवलेलं एक कोवळं झाड जवळच लावलं आहे. व्हाइटची कबरही याच आवारात. बुटका दगड, त्यावर नावाची दोन आद्याक्षरं आणि मरणाची तारीख. पुष्कळदा गवत वाढून अक्षरं झाकतात आणि ते हाताने बाजूला करावं लागतं. त्या गवताला स्पर्श होतो तेव्हा वाटतं, इतकीच जागा पुरते माणसाला.

‘हँगर्स वे’ नावाची एकवीस मैलांची वाट ऑल्टनहून निघते, सेलबोर्नवरून जाते आणि दक्षिणेकडे स्टीप या गावावरून पुढे उतरते. स्टीपच्या उतारांवर एडवर्ड थॉमस चालायचा. आयुष्यभर पोटासाठी गद्य लिहिणाऱ्या या माणसाला १९१४ च्या अखेरीस कविता सुचू लागल्या, आणि ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत तो मारला गेला. मधली जेमतेम सव्वादोन वर्षं. त्याच्या स्मरणाचा दगड डोंगराच्या अंगावर उभा आहे. तिथे बसून समोरच्या निळसर टेकड्यांच्या ओळी बघताना मी काही बोलत नाही, काही आठवतही नाही. जुलैत इथे रात्री साडेनऊलाही उजेड रेंगाळतो. सूर्य गेला तरी दिवस जात नाही, गवताच्या टोकांवर बसून राहतो. कोकणात झापकन अंधार होतो आणि माणसं दिवे लावायला पळतात. त्या संधिप्रकाशाची मला इथे आल्यावर सवय लागली, आणि आता तिकडे गेले की संध्याकाळ हातातून कुणी ओढून घेतल्यासारखी वाटते. दोन संध्याकाळी एका जन्मात मिळाल्या, हेही काही थोडं नाही.

आणि हिवाळा. चिखल बुटांना धरून ठेवतो, डिसेंबरात चार वाजता दिवस संपतो, हँगर उघडं पडतं आणि उन्हाळाभर लपलेली घरटी फांद्यांवर दिसू लागतात. वाटेवर माणसं कमी, पण जी भेटतात ती थांबतात. एक म्हातारे गृहस्थ नेहमी त्यांच्या काळ्या कुत्र्यासह समोरून येतात. “मॉर्निंग,” ते म्हणतात. “मॉर्निंग,” मी म्हणते. नाव त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. पुढे घळीत पाणी साठलंय किंवा फाटकाजवळ झाड आडवं झालंय, एवढं मात्र एकमेकांना सांगितल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. वाटेची खबर देणं हा इथला जुना शिष्टाचार आहे आणि तो मला फार आवडतो.

मागच्या शरदात गावाबाहेरचं एक मोठं शेत नुकतंच नांगरलेलं होतं. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत नुसती काळी-करडी ढेकळं, ओली, चकाकती. उन्हाळाभर जिच्यावरून चालले ती रेघ पुसून गेली होती. चौदा दिवस अजून व्हायचे होते. पलीकडच्या वईत लाकडी पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या. कडेकडेने गेलं असतं तर बूट स्वच्छ राहिले असते. मी त्या पायऱ्यांवर नजर ठेवली आणि सरळ शेतात उतरले. प्रत्येक पावलाला माती चिकटत गेली, बूट दुप्पट जड झाले, एकदा घोट्यापर्यंत पाय रुतला. नांगरामागून उतरलेले कावळे माझ्यासाठी जरा बाजूला सरले आणि पुन्हा किडे टिपू लागले. पायऱ्यांवर चढून मागे पाहिलं, तर शेताच्या मधोमध माझ्या पावलांची वेडीवाकडी ओळ उमटली होती, आणि एक बाई तिच्या लहान मुलाचा हात धरून त्याच ओळीने येत होती. मुलगा माझ्या प्रत्येक पावलात उडी मारत होता. अंतर त्याच्या पायांना लांब पडत होतं, तरी एकही पाऊल तो चुकवत नव्हता. आणि पुढे पाणी आहे, जरा डावीकडून या, असं मी त्यांना ओरडून सांगितलं.